साक्याचा व्हिडिओ आणि आमचं उत्तर

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे, दलालाकडे न घालता पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत देतो, म्हणजे आमची जाहिरातही तोंडी आणि बदनामीही तोंडीच. ऐन मे मध्ये पुण्यातल्या एका काकूंनी आंबा कापून व्हिडिओ टाकला, आत पांढरट स्पंजासारखा गर, खाली 'कार्बाइडचा आंबा, घेऊ नका', वर आमच्या पेटीचं नाव स्पष्ट दिसतंय. संध्याकाळपर्यंत तो इतर सोसायट्यांच्या ग्रुपवर पोचला आणि ऑर्डरी कॅन्सल व्हायला लागल्या.

बागायतदाराला बघताच कळतं की हा साका आहे, म्हणजे हापूसच्या गरातला एक दोष. हापूसला तो झाडावरच धरतो, फळ बाहेरून अगदी देखणं असतं, कापल्याशिवाय कळत नाही. कार्बाइड, म्हणजे फळं पिकवायचं रसायन, त्याचा साक्याशी काही संबंध नाही, कार्बाइडवर तर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत सरळ बंदीच आहे. पण हे पुण्यातल्या माणसाला कसं माहीत असणार?

घरात लगेच दोन पार्ट्या. मुंबईचा चुलतभाऊ म्हणे नोटीस पाठवू, त्याच्या वकिलाने न्याय संहितेचं बदनामीचं कलम ३५६ पण काढून दिलं. मी म्हटलं अरे ती नोटीसच उद्या ग्रुपवर फिरेल, मग काय करशील? बाबांनी तर आजोबांपासून सुरुवात करून लांबलचक ऑडिओ रेकॉर्ड केला होता, तो कसाबसा थांबवला. शेवटी ठरलं की बाहेर बोलायचं ते फक्त मी, बाकी कोणी कुठल्या ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही (चुलतभावाला हे फार जड गेलं).

आधी काकूंना फोन. पाहुण्यांसमोर आंबा कापला होता, त्यामुळे त्या भयंकर चिडलेल्या, मी ऐकून घेतलं. फळ खराब निघालं त्याची माफी मागितली, कार्बाइडची नाही मागितली, कारण ते केलंच नव्हतं. खराब फळांचे पैसे परत देतो म्हटलं. मग त्यांनीच विचारलं, "अरे पण मग हे पांढरं कशाने होतं?" तिथून बोलणं सरळ झालं. व्हिडिओ काही त्यांनी काढला नाही, मीही आग्रह केला नाही, फक्त त्याच्याच खाली उत्तर टाकू का एवढं विचारलं.

उत्तर मुद्दाम छोटं ठेवलं: 'व्हिडिओतला आंबा आमचाच आहे. आतला पांढरा भाग साका आहे, तो झाडावर होतो, बाहेरून ओळखता येत नाही. आम्ही कार्बाइड वापरत नाही, आंबा पेंढ्याच्या अढीत पिकवतो. साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पैसे परत.' बाबांना त्यात '१००% गॅरंटी' हवं होतं, ते मी कापलं, हापूसमध्ये साक्याची गॅरंटी कोण देणार? साका नको असेल तर रत्ना जातीचा आंबा लावा, कृषी विद्यापीठाने १९८१ मध्येच काढलाय, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं ना.

सोबत पुतण्याने अढीचा व्हिडिओ काढून दिला, मध्येच कोंबडी शिरते आणि आई तिला हाकलते तेवढं एडिट करू म्हणत होता, मी तसाच टाकला. सगळ्यात जास्त रिप्लाय त्या कोंबडीवर आले.

कॅन्सल झालेल्या सगळ्या ऑर्डरी काही परत आल्या नाहीत. आता साक्याची माहिती चिठ्ठीवर छापून प्रत्येक पेटीत घालतो. तो जुना व्हिडिओ मात्र दर सीझनला कुठून तरी परत येतोच, मी तेच उत्तर पेस्ट करतो, आणि चुलतभाऊ दरवेळी विचारतो, "नोटीस पाठवायची का?"