मामी, चष्मा काढ

मामेबहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीत, म्हणून मामा-मामी सहा महिन्यांसाठी निघालेत आणि व्हिसाच्या फॉर्मला फोटो हवा. आमच्या घरी कॅमेरा आहे हे सगळ्या खानदानाला माहीत असल्यामुळे दोघं रविवारी दुपारी जेवूनच आली. मामीने पावडर घरून लावून आणली होती, पिशवीत दुसरी साडीही होती. ती कशाला ते तेव्हा मी विचारलं नाही.

माझा स्टुडिओ म्हणजे हॉलमधली उत्तरेची खिडकी. ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर बराचसा एकसारखा, म्हणून जुने स्टुडिओवालेसुद्धा काचेची बाजू उत्तरेलाच ठेवायचे (आपल्याकडे मे-जूनमध्ये तिथूनही तिरीप येते, पण तेवढं चालायचंच). बाकी सामान म्हणजे कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर चिमट्यांनी ताणलेली पांढरी चादर, फ्रिजच्या खोक्यातून आलेला थर्माकोल आणि स्वयंपाकघरातलं स्टूल. खुर्ची मी कुणालाच देत नाही. टेकून बसलं की माणूस सैलावतो, खांदे कानाकडे सरकतात, आणि मग घरी गेल्यावर फोन येतो की मी एवढी जाडी आहे का रे.

पांढरी चादर फोटोत पांढरी येतेच असं नाही. माणूस खिडकीपाशी आणि चादर मागे लांब असली की ती सरळ राखाडी येते, आणि अमेरिकेला बॅकग्राउंड पांढरंच लागतं, म्हणून मामीला चादरीपासून जरा पुढे बसवून मागे स्टुलाच्या आडून एलईडी मारला, खिडकीच्या उलट्या बाजूला गालाशी थर्माकोल धरायला मामाला उभं केलं. "मोबाईलवर काढ की पटकन," मामा. आता मामाला कोण सांगणार की मोबाईल तोंडाशी नेला की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात, आणि मामीचं नाक मुळातच, असो. मी लांब जाऊन उभा राहिलो.

"मामी, चष्मा काढ."

"चष्मा? चष्म्याशिवाय मला कोण ओळखणार?"

पण नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकन व्हिसाच्या फोटोत चष्मा चालतच नाही. तिने काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंना ते दोन खड्डे, कपाळाला आठी, आणि डोळे मला शोधतायत. "कुठे बघू?" "माझ्या आवाजाकडे बघ." मामीला मी जन्मापासून बघतोय पण ही बाई मला नवीनच होती. दोन बाय दोन इंचाचा चौकोनी फोटो, अपलोड करताना २४० केबीच्या आत, झालं एकदाचं.

मामा थर्माकोल धरून दमला होता, पण हललं की ओरडायचो. लहानपणी आमच्या गावातल्या स्टुडिओत मला तसंच ओरडलेलं आठवतं. दहावीच्या फॉर्मचा फोटो. आत जायच्या आधी पॅसेजमध्ये आरसा, खाली साखळीने बांधलेला कंगवा, ज्यात आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे केस, आणि एक टाय, सगळ्या गावाला मिळून एक. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा, तो आम्हाला नाही, तो नवराबायकोसाठी, आम्हाला साधी भिंत. फोटोग्राफर दोन बोटांनी हनुवटी धरून मान अशी वळवायचा की ती माझीच मान आहे की नाही शंका यायची. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये, आणि तेव्हा एक्स्पोजर एवढं लांब चालायचं की डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावायचे, हे पुढे कधीतरी वाचलं. आमच्या फोटोग्राफरपर्यंत ते तंत्र बोटांच्या रूपात पोचलं असणार. "हसू नको. श्वास धर." आणि मग चार दिवसांनी या.

तर, व्हिसाचं झाल्यावर मामी उठेना. "आता एक चष्म्यासकट काढ. साडी बदलून येते."

"तो कशाला?"

"हाराला."

मामाने थर्माकोल खाली ठेवला.

यात मला काही बोलायची सोय नव्हती, कारण बाबा गेले तेव्हा आमच्याकडे त्यांचा धड एकट्याचा फोटो नव्हता. दहाव्याच्या आदल्या रात्री सगळे आपापले मोबाईल उपसत बसले होते. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला एक निघाला, त्यात खांद्यावर मामीचा हात, बांगड्यांसकट. फोटोवाल्याने विचारलं, हात झाकायला कोट घालू का, शोभून दिसेल. आईने हो म्हटलं. बाबांनी जन्मात कोट घातला नाही, उन्हाळ्यात तर शर्टसुद्धा नाही, आणि आता हॉलमध्ये निळ्या बॅकग्राउंडवर ते कोटात बसलेत, एखाद्या बँकेचे चेअरमन असल्यासारखे. पाहुणे विचारतात, कुठे होते हो नोकरीला.

मामी मोरपंखी साडी नेसून आली, बसली, भिंतीवर एकदा बघून घेतलं. "मला कोट नको हं."

मी पट्कन क्लिक केलं. ती स्वतःच्याच बोलण्यावर हसत होती, चष्म्यात खिडकी दिसत होती, जी खरं तर दिसू द्यायची नसते, हनुवटी जरा खाली घेतली की जाते. मी सांगितलं नाही. नंतर गंभीर चेहऱ्याचेही काढले, तिला तेच आवडले. हसरा नको म्हणाली, हाराला असा दात काढलेला कोण लावतं.

व्हिसा झाला, दोघं पोचली, नातही झाली. व्हिडिओ कॉलवर नात दाखवून झाली की मामी न चुकता विचारते, तो फोटो मोठा करून घेतलास का रे, फ्रेम साधीच घाल. मी म्हणतो, अगं लॅबवाल्याचं मशीन बंद आहे.

लॅबवाल्याचं मशीन चालू आहे.