घाटात गाडीचं शेपूट बघावं

रेल्वेचं वेड असलेल्यांना घाट म्हटलं की पुढचं इंजिन आठवतं. माझं मत उलटं आहे. कर्जत-लोणावळ्याची खरी मजा गाडीच्या मागच्या टोकाला असते. गेल्या सप्टेंबरात भाच्याला घेऊन पुन्हा तिकडे गेलो आणि हे मत आणखी पक्कं झालं.

सकाळची कर्जत लोकल पकडली. लोकल तिथेच संपते किंवा खोपोलीकडे वळते, घाट चढत नाही. पुण्याच्या बहुतेक गाड्या मात्र इथे थांबतात, कारण पुढे 1:37 चा चढ आहे, म्हणजे 37 मीटर चाललात की एक मीटर वर. म्हणून मागे बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात. फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. बँकर अगदी हळू येतात, शेवटच्या डब्याला टेकतात, कपलर, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणारा सांधा, बसल्याचा ‘खण्ण’ आवाज होतो आणि तो धक्का पुढच्या डब्यांपर्यंत पोचतो. आत चहा घेणाऱ्यांचे कप हिंदकळतात. भाचा खूश.

ऐंशीच्या दशकात मी याच बँकरमध्ये बसून वर गेलोय. वडिलांचे एक स्नेही ड्रायव्हर होते. नियमात बसत नव्हतं, मी बसलो. तेव्हा डीसी विजेचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) जमाना, चित्तरंजनच्या कारखान्यातली डब्ल्यूसीजी-2 जातीची इंजिनं. केबिनमध्ये तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, पायाखाली थरथर, आणि समोर काय, तर आपल्याच गाडीचा शेवटचा डबा! रस्ता दिसतच नाही. पुढचा ड्रायव्हर शिट्टी देणार, मागच्याने उत्तर द्यायचं आणि नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवायचा. सगळा कारभार कानावर. काका एका हाताने हँडल फिरवत आणि दुसऱ्याने मला खिडकीतून आत ओढत. लोणावळ्याला बँकर सुटले की नुसती इंजिनं घाट उतरायची. येताना दरी मोकळी दिसायची, हा बोनस.

2015 पर्यंत मुख्य मार्गावरची डीसी गेली, एसी (दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची) इंजिनं आली, ते आवाज बदलले. त्याहून जुनी डब्ल्यूसीजी-1, जिला सगळे ‘खेकडा’ म्हणत, ती बघायची असेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभी आहे. चाकांना जोडणारे दांडे असलेलं विजेचं इंजिन मुलांना जरूर दाखवा.

आता जाणाऱ्यांसाठी. कर्जतहून लोणावळ्याला जायचं तर तिकीट काढताना गाडीला कर्जतचा प्रवासी थांबा आहे का ते बघा. काही गाड्या फक्त बँकरसाठी थांबतात. बसताना शेवटून दुसरा-तिसरा डबा धरा, मागून येणारा जोर ऐकू येतो. वर जाताना डावी बाजू घ्या; उल्हास नदीची दरी आणि पलीकडे राजमाचीचा किल्ला तिकडेच. ठाकूरवाडी आणि मंकी हिलजवळ उंचवट्याकडे वळलेले आखूड रूळ दिसतील. त्या कॅच सायडिंग: उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर तिला चढावर नेऊन थांबवण्यासाठी. 1863 साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करावी लागे. 1929 पासून ती कटकट गेली.

जुलैत जाऊ नका असं मी म्हणेन. धुक्यात काही दिसत नाही आणि दरड आली की गाड्या रद्द होतात. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, धबधबे शिल्लक असतात. इंजिनात चढू द्या म्हणून ड्रायव्हरला गळ घालू नका. लेखी परवानगीशिवाय ते शक्य नाही आणि त्याच्या नोकरीवर येतं. फोटोसाठी रुळांवर उतरणं हाही गुन्हा आहे. फलाटावरून पुरेसं दिसतं.

कर्जतला दिवाडकरांचा वडा गाडीतूनच घ्यायचा असतो, पण बँकर लागेपर्यंतच वेळ मिळतो. सुट्टे पैसे आधीच हातात ठेवा.