दोन मुलं, दोन बस आणि आयईपीतला एक रकाना

आमच्या घरातून दोन मुलं शाळेत जातात. थोरली पाचवीत आहे. धाकटा साडेपाच वर्षांचा, ऑटिझम असलेला, मोजकेच शब्द बोलणारा. राज्य एकच, अमेरिकेतलं न्यू जर्सी, डिस्ट्रिक्टही (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) एकच. पण स्कूल बसच्या बाबतीत दोघांना लागू होणारे नियम पूर्ण वेगळे. असं का, हा प्रश्न इथे नव्याने आलेल्या मराठी आईबाबांकडून मला सतत येतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

थोरलीचं सोपं आहे. तिथे सगळा अंतराचा हिशेब. आठवीपर्यंतच्या मुलांचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल आणि हायस्कूलच्या मुलांचं अडीच मैलांपेक्षा, तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते. हे अंतर गाडीच्या रस्त्याने मोजत नाहीत. सार्वजनिक रस्ता किंवा पायवाट यांतला सगळ्यात जवळचा मार्ग धरतात, घराच्या दारापासून शाळेच्या जवळच्या दारापर्यंत. गाडीने गेलं तर आमचं घर दोन मैलांच्या बाहेर पडतं. कॉम्प्लेक्सच्या मागची पायवाट धरली की आत. नवऱ्याने नकाशे काढून भरपूर वाद घातला, ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे ती पायवाट दाखवली, विषय संपला. आता आम्ही वर्षाचे पैसे भरून तिच्यासाठी बसमध्ये जागा घेतो. इथे त्याला सबस्क्रिप्शन बसिंग म्हणतात. सगळी डिस्ट्रिक्ट्स ही सोय देतात असं नाही, आणि जागा मर्यादित असतात, तेव्हा फॉर्म आला की त्याच दिवशी भरून टाकावा.

धाकट्याच्या बाबतीत मैलांचा प्रश्नच येत नाही. त्याची बस येते आयडीईए या केंद्रीय कायद्यातून. मूळ कायदा १९७५ चा. अपंग मुलांना योग्य शिक्षण मोफत मिळालं पाहिजे, आणि त्या शिक्षणाचा लाभ घेण्यासाठी ज्या पूरक सेवा लागतील त्याही मिळाल्या पाहिजेत, असं तो सांगतो. स्पीच थेरपी जशी पूरक सेवा, तशीच वाहतूकही. त्यात घर ते शाळा आणि परत एवढंच येत नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणं, शाळेच्या इमारतीत फिरणं, लिफ्ट किंवा रॅम्प असलेली बस, खास उपकरणं, सगळं येतं. मात्र निदानाचा कागद हातात आला म्हणून बस आपोआप मिळत नाही. या मुलाला ती लागते की नाही, हे त्याची आयईपी टीम ठरवते. आयईपी म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेली लेखी शिक्षण योजना. त्या टीममध्ये आईवडीलही असतात, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. आपण समोर बसून ऐकायला आलेले पाहुणे नाही.

तिसरा वाढदिवस जवळ आला की अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची मदत, संपतं आणि मूल डिस्ट्रिक्टच्या ताब्यात जातं. मी लेखी विनंती केली, वीस दिवसांच्या आत पहिली बैठक झाली, तपासण्यांना आम्ही संमती दिली. संमतीपासून नव्वद दिवसांत तपासण्या, पात्रतेचा निर्णय आणि आयईपी सुरू होणं, सगळं उरकायचं असतं. आमचं वेळेत झालं. या तपासण्या करणाऱ्या चाइल्ड स्टडी टीमची माणसं चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. धाकट्याला हवा तसा वर्ग आमच्या जवळच्या शाळेत नव्हता, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होता. त्यामुळे बस देणार का, यावर चर्चाही झाली नाही. आयईपीच्या शेवटाकडे वाहतुकीचा रकाना असतो, त्यात 'होय' अशी खूण झाली आणि सगळे उठले.

त्या 'होय'मध्ये काय काय नव्हतं, ते शाळा सुरू झाल्यावर कळत गेलं.

शाळेतल्या शिक्षिकेला आपलं मूल ठाऊक असतं, थेरपिस्टला ठाऊक असतं, आयईपीचं काम सांभाळणाऱ्या केस मॅनेजरकडे तर आख्खी फाइल असते. बस चालवते दुसरीच कंपनी, कंत्राटावर. ऑगस्टच्या शेवटी आलेल्या पत्रात बसचा नंबर, वेळ आणि कंपनीचा फोन होता. ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर धाकट्याचं नाव, आमचा पत्ता आणि शाळा, एवढंच. हाक मारली तर तो वळून बघत नाही, दोन मुलं एकदम रडायला लागली की कान झाकून खाली वाकतो, पट्ट्याचं लाल बटण दाबायला त्याला फार आवडतं, यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं. आणि गोपनीयतेच्या नियमांमुळे कोणी आपण होऊन ते त्यांना सांगणारही नव्हतं.

पहिला दणका सासूबाईंना बसला. त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. माझा कॉल लांबला म्हणून दुपारी त्याच उतरल्या खाली. बस थांबली, दार उघडलं, धाकटा पायरीपर्यंत आला, त्यांना बघून हसलाही. पण एडने, म्हणजे बसमधल्या मदतनीस बाईने, त्याचा हात सोडला नाही. सासूबाईंचं नाव यादीत नव्हतं. त्या मराठीत समजावतायत, एड इंग्रजीत, मागे गाड्यांची रांग, कारण लाल दिवे लागलेली स्कूल बस उभी असली की इथे दोन्ही बाजूंच्या गाड्यांना किमान पंचवीस फूट लांब थांबावं लागतं. मी धावत खाली पोचले तोवर बसचं दार मिटत आलं होतं. "माझाच नातू मला देईनात! मी काय पळवून नेणार होते?" हे पुढे आठवडाभर चाललं. खरं सांगायचं तर मला एडचं वागणं आवडलं. ज्याला स्वतःचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, असं मूल अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं नाही, हेच बरोबर. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं नाव आणि फोटो ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला पाठवले. त्यानंतर त्या एडची आणि त्यांची इतकी गट्टी जमली की विचारू नका.

दुसरं प्रकरण मात्र साधं नव्हतं. धाकटा पट्टा काढून चालत्या बसमध्ये उभा राहायला लागला. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली, रिपोर्ट लिहिला. पुन्हा तेच झालं, पुन्हा रिपोर्ट. मग ऑफिसातून गोड आवाजात फोन आला, "काही दिवस तुम्हीच त्याला सोडाल का? तोवर आम्ही काहीतरी बघतो."

असा फोन आला तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. मी म्हटलं, हे मला ईमेलवर लिहून पाठवा. ईमेल काही आला नाही. त्याच संध्याकाळी मी स्पॅन पेरेंट अ‍ॅडव्होकसी नेटवर्कला फोन केला. आयडीईएखाली प्रत्येक राज्यात पालकांना मोफत मदत करणारं निदान एक केंद्र असतं, आपल्याकडे ते काम स्पॅन करतं. त्यांच्याकडून कळलं ते असं. बस आयईपीत असेल आणि मुलाला वागणुकीमुळे बसवर घेतलं नाही, शाळेत पोचवायची दुसरी सोयही केली नाही, तर ते दिवस शाळेतून निलंबन केल्यासारखेच मोजले जातात. असे दहाच्या वर दिवस झाले की डिस्ट्रिक्टवर आणखी बऱ्याच जबाबदाऱ्या येतात. पण आईबाबा भलेपणाने आपणच गाडीतून सोडायला लागले, तर कागदावर काहीच घडलेलं नसतं. आणि कोणी खरंच गाडीने सोडायला तयार असेल, तर निदान मैलांप्रमाणे पैसे द्यायचं आधी लेखी ठरवून घ्यावं. सेवा मोफत द्यायची आहे, त्यात पेट्रोलही आलं.

मी केस मॅनेजरला चार ओळींची ईमेल लिहिली. धाकट्याच्या वाहतुकीत बदल हवा आहे, आयईपी बैठक बोलवा, ट्रान्सपोर्टेशनमधल्या कोणालातरी बोलवा, ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही बोलवा. आपल्या राज्यात अशा लेखी विनंतीला वीस दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावंच लागतं. तोंडी विनंतीला असं बंधन नाही, म्हणून शाळेच्या दारात उभ्या उभ्या झालेलं बोलणं घरी येऊन ईमेलवर टाकायचं.

बैठकीला ट्रान्सपोर्टेशनच्या बाई आल्या आणि कामच बदललं. शिक्षणाच्या लोकांना बसमधलं काही माहीत नव्हतं, बाईंना सगळं. त्या म्हणाल्या, याला सेफ्टी व्हेस्ट लागेल. म्हणजे छातीभोवतीचं हार्नेस. पायांमधून एक पट्टा, मागच्या बाजूला चेन, म्हणजे मुलाचा हात पोचत नाही. ते सीटला बांधलेल्या वेगळ्या पट्ट्यांना अडकवतात. थेरपिस्टने तिथेच टेपने धाकट्याच्या छातीचं माप घेतलं. थंडीतलं जाड जॅकेट व्हेस्टच्या आत घालायचं नाही, वरून घालायचं, नाहीतर पट्टे सैल राहतात, हेही बाईंनीच सांगितलं. आणखी एक गोष्ट मला कधी सुचली नसती. अशा व्हेस्टमधल्या मुलाच्या मागची सीट रिकामी ठेवावी लागते, किंवा तिथे बसलेल्या मुलालाही पट्टा बांधलेला असावा लागतो, कारण जोरात ब्रेक लागला तर मागचं मूल पुढच्या सीटवर आदळून सगळा भार व्हेस्टमधल्या मुलावर येतो. त्यामुळे बसमध्ये कोण कुठे बसणार, याचा आराखडाच बदलला.

पट्ट्यांवरून आपल्या मराठी ग्रुपवर दर सप्टेंबरला वाद होतो, तेव्हा तेही लिहून टाकते. मोठ्या पिवळ्या बसमध्ये सीट बेल्ट हवेतच, असा केंद्राचा नियम नाही. जवळजवळ असलेल्या, उंच पाठीच्या, गादी लावलेल्या सीटच मुलांना सावरून धरतात, असं १९७७ पासूनच्या मानकांचं गणित आहे. न्यू जर्सी वेगळी आहे. १९९२ च्या कायद्याने इथे नव्या बसना कमरेचे पट्टे आले, आणि २०१८ साली रूट ८० वर झालेल्या स्कूल बसच्या भीषण अपघातानंतर नव्या बसना खांद्यावरून येणारे तीन टोकांचे पट्टे सक्तीचे झाले. म्हणून टेक्ससमधल्या बहिणीचं ऐकून इथे भांडू नका, आणि इथलं ऐकून तिला सल्ले देऊ नका.

एडवरून मात्र बैठकीत घासाघीस झाली. बसमध्ये सगळ्यांसाठी मिळून एक एड होती. ती पुढे लहानग्या मुलीला बांधत असायची आणि हा मागे उभा. आम्हाला त्याच्या शेजारी कोणीतरी हवं होतं. डिस्ट्रिक्टचं म्हणणं, आधी व्हेस्ट लावून बघू. शेवटी ठरलं की व्हेस्ट, एडच्या सीटला लागून त्याची जागा, आणि ठरावीक आठवड्यांनी रिपोर्ट बघून पुन्हा बसायचं. प्रवासाच्या वेळेवर लेखी मर्यादा घालायला ते तयार झाले नाहीत. ज्या शाळेला गाडीने पाव तास लागतो तिथे हा सकाळी जवळजवळ तासभर बसमध्ये असायचा. आकडा मिळाला नाही, पण बाईंनी रूट फिरवला आणि त्याला सकाळी सगळ्यात शेवटी घ्यायला लागले. जी गोष्ट नाकारली तिचं कारण आणि जी मान्य केली तिचा तपशील, दोन्ही लेखी नोटिशीत आले. ती नोटीस मागावी लागत नाही, द्यावीच लागते, पण आली नाही तर मागावी. बदल लागू करण्याआधी नोटीस दिल्यापासून पंधरा दिवस जाऊ द्यावे लागतात. आम्ही आधीच सही करून संमती दिली, त्यामुळे बदल लगेच लागू झाला.

आणि मुलाच्या माहितीचं एक कार्डही असतं! २०१५ च्या कायद्याने राज्याने बस ड्रायव्हर आणि एडसाठी विशेष गरजा असलेल्या मुलांशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण आणलं, आणि सोबत एक स्टुडंट इन्फर्मेशन कार्ड. पालकांनी संमती दिली की ते ड्रायव्हर आणि एडच्या हाती जातं. पहिल्या आयईपीच्या वेळी कोणी त्याचा उल्लेखही केला नव्हता. मी ते भरताना आजारांची नावं थोडक्यात लिहिली आणि उपयोगाच्या गोष्टी जास्त. 'नाव घेऊन हाक मारण्यापेक्षा समोर येऊन हात दाखवा.' 'हेडफोन बॅगच्या पुढच्या कप्प्यात.' 'रडला तर आकडे मोजा, वीसपर्यंत तो स्वतः मोजू लागतो.' ड्रायव्हर काका, पन्नाशी उलटलेले गृहस्थ, दुसऱ्या दिवशी खिडकीतून म्हणाले, आम्ही आज शंभरपर्यंत गेलो!

व्हेस्ट आल्यापासून उभं राहणं थांबलं. शेजारी स्वतंत्र एडची मागणी आम्ही सध्या बाजूला ठेवली आहे, सोडलेली नाही.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीची व्हीलचेअर आहे. तिला भेटून मी ही यादी वाढवली. खुर्ची बसमध्ये समोर तोंड करूनच बांधतात, जमिनीला चार ठिकाणी, आणि मुलीला वेगळा पट्टा असतो. खुर्चीचाच पट्टा पुरत नाही. खुर्ची घ्यायच्या आधीच ती बसमध्ये नेण्यासाठी तपासलेली आहे का, हे विक्रेत्याला विचारावं. तिच्या आयईपीत आपत्कालीन वेळी तिला खुर्चीतून कसं बाहेर काढायचं, तेही लिहिलंय. ते मी आमच्याही आयईपीत घालून घेतलं, कारण चेन मागे असलेल्या व्हेस्टमधून धाकट्याला काढायला दुसऱ्याचे हात लागतात. व्हेस्टचा पट्टा कापायचं कटर बसमध्ये कुठे आहे, हे बदली ड्रायव्हरलाही माहीत हवं.

उन्हाळ्याचं राहिलं. धाकट्याला जुलैमध्ये उन्हाळी वर्ग आहे. तोही आयईपीचाच भाग, म्हणून त्याला बसही मिळते. पण शाळा वेगळी, रूट वेगळा, बहुतेक वेळा कंपनीही वेगळी. व्हेस्ट जुन्या बसच्या सीटला बांधलेली राहते आणि नवीन बसवाल्यांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून मे महिन्यातच केस मॅनेजरला लिहिलंय: व्हेस्ट आणि सीटचे पट्टे हलवायचे आहेत, कार्डाची नवी प्रत जोडली आहे, मुलाला ताब्यात घेणाऱ्यांच्या यादीत आजीचं नाव आहे. सासूबाई यंदा जूनमध्येच येतायत.