गुडघ्याचं माप

आज दाजींना घेऊन पहाटेच्या एसटीनं जिल्ह्याला गेलो. कारच्या अपघाताला दीड वर्ष झालं, आज अपंगत्वाच्या दाखल्याची तपासणी होती. डॉक्टरांनी गुडघा किती दुमडतो ते मोजलं, एक्स-रे बघितला आणि आकडा लिहिला. उजवा पाय, ४२ टक्के. सवलतींसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात किमान ४० लागतात, तेवढं झालं.

बाहेर बाकावर बसल्यावर दाजी म्हणाले, "म्हणजे माझं अर्ध्याच्या वर काम अजून शाबूत हाय म्हणायचं का?"

मला उत्तर सुचेना. वीस वर्षं या माणसानं जालन्याहून सळया भरून ट्रक चालवला. आता ब्रेकवर पाय दाबवत नाही. त्यांच्यासाठी हे शंभर टक्केच आहे!

संध्याकाळी वकिलांनी धीर दिला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईचं नुकसान नव्हे. माणूस काय काम करायचा, आता काय करू शकतो, हे बघावं लागतं. भरपाईच्या दाव्यात आम्ही तेच मांडणार आहोत.

ताईनं रात्री पेटीतून त्यांचं जुनं लायसन काढून ठेवलंय. उद्या मालकाकडून पगाराचं पत्र आणायचंय.