लिव्हर सिरोसिसमधली प्रत्येक उजळणारी गाठ कॅन्सर नसते

दारूमुळे सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये एमआरआयवर गाठ दिसली की संशय कॅन्सरचा येतो, आणि तो यायलाच हवा. पण तपास आर्टेरियल फेजपाशीच, म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, फोटो उजळवणारं औषध) धमन्यांत असतानाच्या फोटोपाशीच थांबला, तर निरुपद्रवी गाठीवरही कॅन्सरचा शिक्का बसतो.

या लिव्हरचा रक्तपुरवठाच बिघडलेला असतो. पोर्टल व्हेनचं, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला येणाऱ्या शिरेचं रक्त कमी पडतं, धमनीचं वाढतं, आणि त्यातून एफएनएचसारख्या (फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, कॅन्सर नसलेली गाठ) गाठी बनतात. धमनीचं रक्त भरपूर असल्यामुळे त्याही कॅन्सरसारख्याच उजळतात. खरा फरक पुढे दिसतो. कॅन्सर पोर्टल किंवा डिलेड फेजमध्ये (आर्टेरियलनंतर ओळीने काढलेल्या फोटोंत) भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळा पडतो, म्हणजे वॉशआउट होतो. एफएनएचसारख्या गाठी बहुधा लिव्हरमध्ये मिसळून जातात. गॅडॉक्सेटेट (लिव्हरच्या पेशींत शोषला जाणारा कॉन्ट्रास्ट) दिलं असेल तर 20 मिनिटांनंतरच्या फोटोतही त्या सहसा लिव्हरइतक्या किंवा जास्त उजळ राहतात.

गॅडॉक्सेटेटचा सापळा मात्र लक्षात ठेवा. वॉशआउट फक्त पोर्टल फेजमध्येच धरायचा. त्यानंतर लिव्हरच्या पेशी औषध शोषतात, लिव्हरच उजळतं आणि गाठ उगाच काळी भासते.

आर्टेरियल फेजची वेळ चुकली की पुढचं सगळंच वाचन डळमळतं. हेपॅटिक आर्टरी (लिव्हरची धमनी) भरलेली, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट आलेला, हेपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून कोऱ्या: हा योग्य क्षण. पोर्टल व्हेन कोरी असेल तर फोटो लवकर निघालाय. अशा फोटोवर ‘गाठ उजळत नाही’ असं लिहू नये.

10 ते 19 मिमीच्या गाठीला कॅन्सर म्हणायला उजळण्याबरोबर वॉशआउट किंवा 6 महिन्यांत किमान 50 टक्के वाढ लागते. नुसती कॅप्सूल, म्हणजे गाठीभोवतीची उजळ कडा, पुरत नाही. एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन) नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होणंही चूक.

सगळ्यात फसव्या इन्फ्लमेटरी, म्हणजे सूज असलेल्या गाठी. त्यांतल्या काहींमध्ये वॉशआउटही दिसतो. शंका उरली तर बायोप्सी, आणि नमुना गाठीतून तसाच गाठीबाहेरूनही घ्यायचा, कारण सीआरपी आणि एसएए (इन्फ्लमेटरी गाठ ओळखायला वापरतात ती सुजेची प्रथिनं) भोवतालच्या सुजलेल्या लिव्हरमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतात. रेटिक्युलिनचं, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या बारीक तंतूंचं, कॅन्सरमध्ये सहसा विस्कटणारं जाळं शाबूत आहे का हे आधी पाहा. ग्लुटामिन सिंथेटेज या एन्झाइमचा रंग नकाशासारखा पसरलेला असेल तर एफएनएचकडे कल जातो. ग्लिपिकन-3, एचएसपी70 (ही दोन्ही कॅन्सरकडे बोट दाखवणारी प्रथिनं) आणि सर्वत्र गडद ग्लुटामिन सिंथेटेज, यांतले दोन पॉझिटिव्ह आले की कॅन्सरच धरावा.

बायोप्सी टाळली तर 3 ते 6 महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तुलना नुसत्या मागच्या फोटोशी नको, उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या फोटोशीही हवी. संथ वाढ लागोपाठच्या दोन फोटोंत हाती लागत नाही.