तुम्ही विचारलंत म्हणून : त्या पैशांत मी काय जेवायचे

"एवढ्याशा पैशांत तिकडे नीट जेवण व्हायचं का गं?" मी जर्मनीत शिकायला होते, म्हणून तिकडे निघालेल्या मुलांचे आईवडील फोन करून विचारतात, नवी पेठेत आईकडे डबा न्यायला येणारी मुलं विचारतात, लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं : "हो, व्हायचं की. डाळ मिळते, तांदूळ मिळतो." यात खोटं काही नाही. पण विचारणाऱ्याला जे हवं असतं, ते मी देत नाही हे मला माहीत आहे.

आधी उपयोगाचं सांगते. विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे कँटीनमध्ये, विद्यार्थ्यांना दोन-तीन युरोत गरम ताट मिळायचं. तुर्की दुकानात मसुराची डाळ घ्या. कुकर लागत नाही, वीस मिनिटांत शिजते. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, अर्धा किलो एक युरोच्या आत मिळायचा. साखर-वेलची घातली की श्रीखंडाची आठवण भागते. नवलकोल तिथे ढिगानं असतो. गिऱ्हाइकं त्याचा पाला दुकानातच मोडून टाकून जातात. तो विचारून घरी आणा, लसणावर परता, छान भाजी होते. इथून तूप आणि पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला न्या. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा.

हे सगळं मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. तरीही मी जेवत नव्हते.

मी २०१८च्या ऑक्टोबरमध्ये गेले. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आपल्याच पैशांच्या खात्यातून, महिन्याला ७२० युरो हातात यायचे. खोलीचे २४०, विम्याचे नव्वदच्या आसपास, बाकी किरकोळ. नीट जेवायला पैसे पुरत होते. पण दुकानात मी प्रत्येक वस्तूला ऐंशीनं गुणायचे. तीन ढबू मिरच्यांचं पाकीट हातात घेतलं की ते दीडशे रुपये व्हायचं आणि मी ते परत ठेवायचे. घरावर कर्ज काढलेलं होतं. आई पहाटे साडेचारला उठून कणीक मळते ते डोळ्यांसमोरून हलायचं नाही. एका डब्यात दोन मुलं जेवत असली की तिला बरोबर कळतं. डबा चाटूनपुसून आला की दुसऱ्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त घालते, बोलत काही नाही. अशा बाईची मुलगी तिथे टोस्ट ब्रेड आणि मेतकुटावर दिवस काढत होती, महिन्याचं खाणं पन्नास युरोत बसवत होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

जानेवारीतला एक रविवार. आईचे संध्याकाळचे डबे गेले की, म्हणजे तिथल्या चारच्या सुमाराला, तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "काय केलंस आज? ताट दाखव बघू." माझ्यासमोर दोन टोस्ट होते. शेगडीवर माझ्या फ्लॅटमधल्या इराणी मुलीचं पातेलं होतं. मसूर घातलेला भात, वर तळलेला कांदा आणि बेदाणे. ती तिच्या खोलीत होती. मी झाकण काढलं आणि फोन पातेल्यावर धरला.

"अगं, काय मोकळा झालाय भात! बेदाणेसुद्धा घातलेस?"

"हो."

आईनं मागे वळून बाबांना हाक मारली. "या ना, बघा तरी. माझ्यापेक्षा छान करायला लागली."

फोन ठेवून वळले तर ती मुलगी दारात उभी होती. मराठी तिला कुठून कळणार, पण झाकण माझ्या हातात होतं. तिनं काही न बोलता एक ताटली भरून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, माझं जेवण झालंय. ताटली तिच्याकडे सरकवली आणि खोलीत निघून गेले.

रात्री दीडला स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. पातेलं तिथेच होतं. उभ्या उभ्या, हातानं, गार भात खाल्ला. किती खाल्ला ते आठवत नाही. भातापेक्षा कांदा जास्त शोधत होते, एवढं आठवतं. ती पाणी घ्यायला आली. तिनंही दिवा लावला नाही. नळाखाली बाटली भरली आणि गेली. माझी मूठ तशीच पातेल्यात होती.

फ्रिजमध्ये प्रत्येकीच्या कप्प्यावर नावाची चिठ्ठी असायची. सकाळी तिच्या कप्प्यावरची चिठ्ठी काढलेली होती.

मार्चमध्ये चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं, बी-१२ अगदी तळाला. क्वचित कुणाला खरं काही सांगितलंच तर मी एवढंच सांगते, कारण आजारपण लोकांना पटकन समजतं. त्या रात्रीबद्दल आज पहिल्यांदा लिहितेय. त्यानंतर आम्ही दोघी एकत्र स्वयंपाक करायला लागलो. दोघींचा महिन्याचा खर्च दीडशे युरोच्या आत राहायचा आणि दोन्ही वेळा पोटभर जेवण व्हायचं. तुमच्या मुलांना एवढं जरूर सांगा : एकट्याचं नका शिजवू.

त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी पुष्कळदा विचारते, कोणी सांगितलं होतं तुला हे? आईनं? बाबांनी तर दर वेळी "पैशाकडे बघू नकोस" म्हटलं होतं. ती मला उलट विचारते, तिथे राहायचा परवाना वाढवायच्या वेळी काय केलं असतंस? पुढच्या वर्षाची सोय दाखवावी लागते, आणि २०१९च्या सप्टेंबरपासून खात्यात दाखवायची महिन्याची रक्कम ८५३ युरो झाली. तेव्हा घरून पैसे मागायची वेळ आली नाही ती त्या टोस्टच्या महिन्यांमुळेच. हे खरं आहे. माझ्याकडे यावर उत्तर नाही. साडेआठ हिमोग्लोबिनही खरंच आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. कुणी मला हा प्रश्न विचारला की तीच पुढे होऊन सांगते, "व्यवस्थित करून जेवायची हो, मी स्वतः बघायचे." मी मान हलवते. तो भात मी पुढे त्या इराणी मुलीकडून शिकले, आता घरी करते. परवा आई म्हणाली, "तुझा तो मसुराचा भात एकदा डब्यात देऊ या का पोरांना? तेहेतीस डबे आहेत, जमेल?"

मी कांदे चिरायला घेतले.