इंदूरचे पाणी आणि पुनासाची वीज

इंदूरच्या रामबागेत आम्ही मराठी शेजारी 'आज नर्मदा आली का' असे एकमेकांना सहज विचारतो, पण ती वर कशी चढते याचा विचार क्वचितच करतो. मंडलेश्वराजवळ जलूद येथे नदीतून उचललेले पाणी सुमारे 70 किलोमीटर नळातून घाट चढत माळव्याच्या पठारावर येते. चढ जवळजवळ 400 मीटरचा आहे, त्यामुळे हजार लिटर पाण्याला, पंपांतला अपव्यय वगळला तरी, एका युनिटाहून अधिक वीज लागते.

खंडवा जिल्ह्यात पुनासाजवळ इंदिरा सागर धरणाच्या वीजगृहात 125 मेगावॅटचे आठ संच आहेत. जलाशयाचे पाणी पेनस्टॉकमधून, म्हणजे टर्बाइनपर्यंत नेणाऱ्या मोठ्या नळातून, दाबाने उतरून टर्बाइनची पाती फिरवते आणि त्याच दांड्यावर जनित्र फिरते. जनित्रांच्या मजल्यावर पायाखालची फरशी बारीक थरथरत असते आणि शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. पाणी 60 मीटर उंचीवरून येते असे धरले, तर एका युनिटासाठी सुमारे 7000 लिटर खाली यावे लागते. म्हणजे घरची हजार लिटरची टाकी जलविद्युतेवर भरायची, तर तिच्या सात-आठ पट पाणी धरणातून उतरले पाहिजे, आणि अपव्यय धरल्यास त्याहूनही जास्त.

तरीही मला ही वीज मोलाची वाटते. कोळशाचा थंड संच सुरू व्हायला तास लागतात, तर जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो, म्हणून संध्याकाळी मागणी वाढली की त्याचाच आधार असतो. शिवाय तेच पाणी पुढे ओंकारेश्वरच्या 520 मेगावॅटच्या वीजगृहातून जाते आणि थेट गुजरातेत सरदार सरोवरावर पुन्हा वीज देते. तिथल्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा 57 टक्के, महाराष्ट्राचा 27 आणि गुजरातचा 16 टक्के आहे.

या हिशेबात हरसूदही धरले पाहिजे. 2004 साली इंदिरा सागरच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी तिथल्या लोकांनी आपली घरे स्वतःच्या हातांनी उतरवली, दारे-चौकटी गाड्यांत भरल्या आणि गाव सोडले. इंदूरमध्ये पाणीपट्टीवरून वाद निघतो तेव्हा या माणसांचे नाव कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाणीपट्टीच्या बिलावर दर हजार लिटरमागे किती वीज खर्च झाली, एवढा आकडा तरी महापालिकेने छापावा, अशी माझी मागणी आहे.